घास, ठसका आणि उतारवय

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी सकाळी थोडा वेळ उभं राहावं. सत्तरीच्या आसपासचे बाबाजी येतात. चिठ्ठी नसते. 'गॅसची गोळी द्या जी,' एवढंच म्हणतात, आणि दुकानदार पुढचं काही न विचारता पॅन्टोप्राझोलची पट्टी कात्रीने कापून देतो. कधी दहा गोळ्या, कधी चारच. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, व्यवहार हाच. गोळी वाईट नाही, तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. पण पट्टी कापली जाते तेव्हा एक गोष्ट विचारायची राहून जाते: बाबाजी, जेवताना ठसका लागतो का?

या पुस्तिकेचा सगळा विषय त्या प्रश्नाभोवती आहे. म्हातारपणी छातीत जळजळणं आणि घास नीट न उतरणं या तक्रारी आपण दोन वेगळ्या खात्यांत टाकून देतो. पहिली पित्ताच्या, दुसरी वयाच्या. पहिलीला गोळी मिळते आणि दुसरीला 'आता चालायचंच' हे उत्तर. शरीरात मात्र दोन्हींचा कारभार एकाच वाटेवर आणि स्नायूंच्या जोरावरच चालतो. वरून घास खाली नेणं आणि खालचं आम्ल वर येऊ न देणं, आलंच तर लगेच परत ढकलणं, ही सगळी स्नायूंची कामं आहेत. वयाबरोबर पोटातलं आम्ल वाढत नाही. ते आवरणारी माणसं थकतात, असं म्हटलं तरी चालेल.

हनुवटीच्या खाली कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठ आधी वर उचलला जातो, थोडा पुढे सरकतो, मग जागेवर येतो. त्या उचलण्यात स्वरयंत्र जिभेच्या मुळाखाली जाऊन बसतं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि अन्ननलिकेचं वरचं तोंड, जे एरवी घट्ट बंद असतं, ते उघडतं. याला एक सेकंदही लागत नाही. तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच-सहा नसा यात भाग घेतात. दिवसाकाठी पाचसहाशे वेळा आपण हे करतो. त्यातलं बरंचसं नुसती लाळ गिळण्यासाठी. घास एकदा वरच्या तोंडातून आत गेला की पुढची सुमारे २५ सेंटिमीटरची वाट अन्ननलिकेच्या लाटेची. माणूस उताणा झोपलेला असला तरी ही लाट घास पोटात नेऊन सोडते.

साठीनंतर हे बंद पडत नाही, संथ होतं. जिभेचा जोर कमी होतो. घास घशाच्या तोंडाशी आला तरी कंठ उचलला जायला क्षणभर उशीर होतो. गिळून झाल्यावरही घशात थोडं उरतं, म्हणून म्हातारी माणसं एकाच घासाला दोनदा गिळतात. पन्नाशीनंतर शरीरातले स्नायू दरवर्षी साधारण एक-दोन टक्क्यांनी घटतात. या झिजेला आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन डॉक्टराने १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. मांडीचे आणि दंडाचे स्नायू घटतात ते दिसतं, पायजमा सैल होतो, बांगडी कोपरापर्यंत सरकते. जिभेचे आणि घशाचे घटतात ते दिसत नाही. जपानी डॉक्टरांनी या दुसऱ्या झिजेवर बरंच काम केलं आहे. त्यांच्याकडे म्हातारी माणसं फार आणि नव्या वर्षाला चिकट तांदळाचे मोची खाण्याची रीत, त्यामुळे घशात अडकून जीव जाण्याच्या बातम्या दरवर्षी ठरलेल्या. त्यांचं म्हणणं असं की, खुब्याचं हाड मोडून किंवा न्यूमोनिया होऊन म्हातारा माणूस दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळला, पोटात नीट अन्न गेलं नाही, तर पायांबरोबर त्याचा घसाही लुळा पडतो. आपल्याकडे अशा वेळी 'आजारपणात खाणंच सुटलं' म्हणतात. खाणं का सुटलं, याची चौकशी होत नाही.

इथे सगळ्याचा ठपका वयावर ठेवायची घाई करू नये. १९६४ मध्ये अमेरिकेत नव्वदी ओलांडलेल्या काही जणांच्या अन्ननलिकेचा दाब मोजला गेला. लाटा विस्कळीत दिसल्या आणि 'म्हातारी अन्ननलिका' अशा अर्थाचा एक भारदस्त शब्द वैद्यकाच्या पुस्तकात जाऊन बसला. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी निरोगी म्हाताऱ्यांना तपासलं तेव्हा चित्र बरंच सौम्य निघालं. ऐंशीच्या पुढे लाटेचा जोर कमी होतो, पण लाट शिस्तीतच चालते. आधीच्या मंडळींत मधुमेहाचे आणि नसांच्या विकारांचे लोक होते. म्हणजे दोष मधुमेहाचा, आणि नाव वयाचं झालं. तो शब्द पुस्तकातून मागे पडला, पण ती वृत्ती अजून आपल्या ओपीड्यांत आणि ओसऱ्यांवर आहे. वय झालं हे निदान नव्हे.

आता जळजळीकडे. पोट आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावर एक झडप असते. ती म्हणजे गोल आवळलेला स्नायू, आणि त्याला बाहेरून श्वासपटलाचा वेढा. पूर्वी समज असा होता की झडप ढिली पडते म्हणून आम्ल वर येतं. १९८० च्या सुमारास जॉन डेंट आणि वायली डॉड्स यांनी दाखवून दिलं की, बहुतेक वेळा झडप चांगली असते, पण मध्येच काही सेकंद आपोआप उघडते आणि तेवढ्यात आम्ल वर येतं. हे तरुणातही होतं, जेवणानंतर सगळ्यांनाच थोडंफार होतं. फरक पडतो तो पुढे. तरुणात वर आलेलं आम्ल एका लाटेसरशी खाली जातं आणि उरलेलं लाळेतला क्षार मारून टाकतो. म्हातारपणी लाट क्षीण असते, लाळ कमी असते (त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या, लघवीच्या गोळ्यांनी ती आणखी आटते), आणि श्वासपटलाचा वेढा सैल होऊन पोटाचा वरचा भाग छातीत सरकलेला असतो. याला हायटस हर्निया म्हणतात. आम्ल तेवढंच, पण मुक्काम लांबतो.

हा हर्निया कोणाला जास्त होतो याचं एक उत्तर धानाच्या बांधीत सापडतं. जपानच्या ईशान्येला अकिता प्रांत आहे, तोही भातशेतीचा. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी २००९ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांची पाहणी मांडली. पाठीला जितका बाक, विशेषतः कमरेपाशी, आणि पिचलेले मणके जितके जास्त, तितका जळजळीचा त्रास जास्त असं त्यात दिसलं. कणा वाकला की पोटाची पोकळी आखडते, आतला दाब वाढतो आणि पोट वर ढकललं जातं. भंडाऱ्यात हे वाचताना डोळ्यांसमोर रोवणी येते. जुलैच्या चिखलात पऱ्हे हातात घेऊन कमरेत वाकलेल्या बायांच्या रांगा. सकाळी वाकलेली बाई दुपारच्या शिदोरीलाच सरळ होते. घरी आली की चूल, आणि गावात बिडीचं काम असेल तर मांडीवरच्या सुपात तेंदूपानं घेऊन पुन्हा वाकणं. अशी चाळीस-पन्नास वर्षं गेली की पासष्टीत पाठ सरळ होत नाही. त्या बाईला 'तिखट कमी खा' सांगून कितीसा फरक पडणार? भंडाऱ्याच्या रोवणाऱ्या बायांची अशी पाहणी व्हावी, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. म्हातारपणी जळतं कमी. अन्ननलिकेची जाणीव बोथट होते. अमेरिकेत २००४ मध्ये जवळपास बारा हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सत्तरीपुढच्यांत अन्ननलिकेला गंभीर जखमा होण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा पुष्कळ जास्त होतं, आणि तीव्र जळजळीची तक्रार मात्र कमी. म्हणजे आत पोळलंय आणि बाहेर खबर नाही. असा माणूस डॉक्टरकडे जळजळ घेऊन येत नाही. रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, घशात काहीतरी अडकल्याची भावना, उगाच लागणारी उचकी, कमी झालेलं हिमोग्लोबिन हे घेऊन येतो. किंवा काहीच न घेता येतो, सून सांगते, 'अलीकडे अर्धीच पोळी खातात.' या सगळ्याचा धागा अन्ननलिकेकडे जातो हे घरच्यांच्या लक्षात येणं कठीण. जळत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब सत्तरीनंतर चालत नाही.

उलटही ध्यानात ठेवायला हवं. छातीत दाटून आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखला, तर तो 'गॅस' समजून ईनो पाजत बसू नये. म्हाताऱ्या माणसाचा, त्यातही मधुमेह असलेल्याचा, हृदयविकाराचा झटका पुष्कळदा पोटाच्या तक्रारीचं सोंग घेऊन येतो. आधी ईसीजी, मग पित्त.

पूर्व विदर्भावर लिहायचं आणि खर्ऱ्याला वगळायचं, हे जमणारं नाही. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेल्या सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या मिश्रणाने कोणाचं काही अडू दिलं नाही. खर्ऱ्याचा आणि कर्करोगाचा संबंध आता सगळ्यांना माहीत आहे. गिळण्याशी असलेला संबंध कमी माहीत आहे. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, गाल ताठरतात, जबडा दोन बोटंही उघडत नाही. हा ताठरपणा टाळू आणि घशापर्यंत पोचतो. जीभ घास मागे ढकलते ती लवचीक तोंडात. कडक झालेल्या तोंडात तिची हालचालच अपुरी पडते. वर तंबाखूतलं निकोटीन खालची झडप सैल करतं, ते वेगळंच. चाळीस वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचा सत्तरीतला घास आणि न खाल्लेल्याचा घास, यांचं वय सारखं नसतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत हे सगळं एकत्र येतं. पाहुणे, रस्सा, उशिराचं जेवण, मग झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणं, अंकाअंकाला चहा, आलूबोंडा आणि खर्रा. नाटक पाहू नये असं कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. म्हाताऱ्या माणसाने त्या रात्रीचं जेवण सातला उरकावं, इतकंच.

गोळ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे घरोघरी नुकसान होतंय. रोवणीने गुडघे आणि कंबर धरते, म्हणून दुखण्याची गोळी रोजची होते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं पोटाला आणि अन्ननलिकेला दोन्हीकडे पोळतात. गोळी झोपताना एका घोटात टाकून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेतच अडकून तिथेच विरघळते आणि जागेवर जखम करते. लोहाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन आणि हाडांसाठीची अॅलेन्ड्रोनेट यांचं हेच. अॅलेन्ड्रोनेट तर सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं असतं, हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. रक्तदाबासाठीच्या अॅम्लोडिपिनच्या जातीच्या गोळ्या, छातीत दुखण्यासाठीची सॉर्बिट्रेट, दम्यासाठीची डेरिफायलिन या खालची झडप सैल करतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, जळजळ वाढली तर डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवायची. गोळ्यांची पिशवीच सोबत न्यावी, हे उत्तम.

आणि ती काउंटरवरची गोळी? ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आलं आणि अल्सरच्या शस्त्रक्रियांचे दिवस मागे पडले. तिच्याच घराण्यातली पॅन्टोप्राझोल अन्ननलिकेच्या जखमा खरोखर भरून काढते. सकाळच्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी, ठरलेले आठवडे घेतली तर. आपल्याकडे ती जेवणानंतर, त्रास होईल तेव्हा, आणि वर्षानुवर्षं घेतली जाते. दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढल्याचंही काही पाहण्यांत दिसलं आहे. आधीच वाकलेल्या पाठीला ते परवडणारं नाही. पण माझी मुख्य तक्रार दुसरीच आहे. ही गोळी आम्ल थांबवते, वर येणं थांबवत नाही. क्षीण लाटेला जोर देत नाही, उशिरा उचलल्या जाणाऱ्या कंठाला घाई करायला लावत नाही. जळजळ गेली, ठसका राहिला, आणि गोळीमुळे सगळं ठीक झालं असं वाटून ठसक्याकडे लक्षच गेलं नाही, असे कितीतरी म्हातारे पावसाळ्यात न्यूमोनिया होऊन भरती होतात. श्वासनलिकेत थोडं थोडं उतरलेलं अन्न, लाळ किंवा रात्री वर आलेलं पोटातलं पाणी, हे त्याचं एक मोठं कारण. काहींना तर ठसकाही लागत नाही. घास चुकीच्या वाटेने जातो आणि शरीर गप्प राहतं. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येणं, एवढीच काय ती खूण.

तोंड स्वच्छ ठेवण्याचा याच्याशी थेट संबंध आहे. १९९९ मध्ये जपानमधल्या वृद्धाश्रमांतल्या अभ्यासात जेवणानंतर नेमाने दात आणि तोंड साफ केलेल्यांना न्यूमोनिया कमी झाला. तोंडातले जंतूच फुफ्फुसात जात असतात. दात नाहीत म्हणून तोंड धुवायचं कारण नाही, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कवळी रात्री काढून ठेवावी.

मराठी घरांत पाणी पिण्याची जी रीत आहे, तिच्याकडे मी वाचकाचं विशेष लक्ष वेधतो. तांब्या ओठाला न लावता वरून पाणी सोडायचं. त्यासाठी मान मागे टाकावी लागते. मान मागे टाकली की श्वासनलिकेचं तोंड उघडं पडतं आणि कंठाला वर उचलणं जड जातं. तरुणपणी हे निभावून जातं. सत्तरीत, विशेषतः पक्षाघात होऊन गेला असेल किंवा कंपवात असेल तर, ठसका इथेच लागतो. घरच्यांना वाटतं, पाणीसुद्धा गिळता येत नाही म्हणजे आता संपलं. खरं तर पाणी हीच गिळायला सगळ्यात अवघड वस्तू आहे. ते पळतं आणि थकलेल्या घशाला वेळ देत नाही. पेला ओठाला लावून, हनुवटी किंचित खाली ठेवून, एकेक लहान घोट घेतला तर पुष्कळांचा ठसका थांबतो. उष्ट्याचा प्रश्न असेल तर त्या माणसाचा पेला वेगळा ठेवावा.

भाताचंही तसंच. भंडाऱ्यात भात दोन्ही वेळचा, आणि म्हाताऱ्या माणसाला भात सोपा म्हणून सगळ्यांचा समज. मोकळ्या भाताची शितं तोंडात विखुरतात, त्यांची एक गोळी होत नाही. त्यावर पातळ वरण घातलं तर पाणी पुढे पळतं आणि शितं मागे राहतात. गिळणाऱ्याला एकाच वेळी दोन वेगांचा सांभाळ करावा लागतो. गुरगुट्या भात वरणात कुस्करून एकजीव केला, की तोच घास सरळ उतरतो. दाट पेज पाण्यापेक्षा सुरक्षित. पातळ ताकाऐवजी दही घुसळून दाट ठेवलेलं बरं. पण सगळंच मऊ आणि सगळंच अळणी करून टाकू नये. स्नायू वाचवायचे तर प्रथिनं लागतात. डाळ, अंडं, आणि तलावातल्या माशाचा काटे काढून कुस्करलेला तुकडा हे सुटलं की घसा आणखी थकतो.

झोपण्याचं थोडक्यात. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. उशा रचून डोकं उंच केल्याने पोटात घडी पडते आणि त्रास वाढतो. त्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. बाज सैल पडली असेल तर आधी ती आवळून घ्यावी, नाहीतर माणूस मधोमध खोलगटात दुमडलेलाच राहतो. डाव्या कुशीवर झोपणं बरं.

व्यायामावरचं प्रकरण काहींना आश्चर्याचं वाटेल. घशाचा व्यायाम असतो, ही गोष्टच आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या रेझा शेकर यांनी १९९७ मध्ये एक साधी कसरत मांडली. उताणं झोपायचं, खांदे जमिनीला टेकलेले ठेवून फक्त डोकं उचलून पायाची बोटं पाहायची. याने कंठ वर ओढणारे स्नायू बळकट होतात आणि अन्ननलिकेचं वरचं तोंड जास्त उघडतं. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी हे विचारल्याशिवाय करू नये. अशी कसरत शिकवणारे आणि गिळणं तपासणारे तज्ज्ञ म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. तोतरेपणावर काम करणारी मंडळी घशावरही काम करतात, हे बऱ्याच डॉक्टरांच्याही ध्यानात नसतं. त्यांच्यासाठी लाखांदूरहून नागपूर गाठायचं म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, सोबत एक माणूस आणि त्याची बुडालेली मजुरी. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात जिल्हा पातळीवर वृद्धांची ओपीडी आणि व्यायामोपचार अपेक्षित आहेत. घशाची तपासणी त्याच खोलीत व्हायला फार मोठं यंत्र लागत नाही. पेलाभर पाणी, घड्याळ आणि शिकलेला कान एवढं सुरुवातीला पुरतं.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही, थेट दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. आधी पोळी अडकायची, मग भात, आता पाणीही, असा चढता अडथळा. काही न करता घटणारं वजन. काळी शी किंवा रक्ताची उलटी. गिळताना दुखणं. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. यातलं एकही असेल तर गॅसची गोळी घेऊन महिना काढणं म्हणजे महिना घालवणं.

पुस्तिका ओळीने वाचायचं बंधन नाही. घरात पक्षाघात झालेलं माणूस असेल तर त्यावरचं प्रकरण आधी घ्या. आशाताईंनी भेटीत विचारायच्या प्रश्नांचं पान वेगळं छापलं आहे, ते फाडून पिशवीत ठेवता येतं. त्यातला पहिला प्रश्न जळजळीचा नाही, पाणी पिताना ठसका लागतो का, हा आहे. आणि त्याचं उत्तर शक्यतो म्हाताऱ्या माणसाबरोबरच, त्याला जेवू घालणाऱ्या सुनेलाही विचारून लिहावं.